वैद्यकीय निर्णयाची पातळी : अमेरिकी मेडिकेअर व्यवस्थेतील मोजमाप, नोंद आणि मोबदला (१९६५ ते २०२३)

प्रस्तावना

रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो. डॉक्टर त्याची तक्रार ऐकतात, त्याला तपासतात, जुने अहवाल चाळतात, काहीतरी ठरवितात आणि केसपेपरवर चार ओळी लिहितात. या पंधरा-वीस मिनिटांत शस्त्र चालत नाही की यंत्र फिरत नाही. जे घडते ते मुख्यतः डॉक्टरांच्या मनात घडते. या मानसिक कामाची किंमत कशी ठरवावी, हा प्रश्न महाराष्ट्रातील खाजगी दवाखान्यात फारसा उपस्थित होत नाही. तेथे तपासणी फी ठरलेली असते. साध्या सर्दीच्या रुग्णाला आणि चार जुनाट व्याधी असलेल्या वृद्धाला प्रायः तीच लागू होते. फार तर पहिल्या भेटीची आणि फेरतपासणीची फी वेगळी असते. मात्र पैसे देणारा रुग्ण नसून सरकार किंवा विमा कंपनी असेल, तर ‘या भेटीत डॉक्टरांनी नेमके किती काम केले’ हे दुरून आणि कागदावरून ठरविण्याची गरज निर्माण होते. अमेरिकेत या गरजेतून ‘मेडिकल डिसिजन मेकिंग’, म्हणजे वैद्यकीय निर्णयप्रक्रिया, ही कोडिंगमधील एक तांत्रिक संज्ञा जन्माला आली. डॉक्टरांच्या विचाराच्या गुंतागुंतीचे तिने चार स्तर मानले आणि त्यांना पैशाच्या मोजपट्टीशी जोडले.

या संज्ञेचा इतिहास केवळ देयकांच्या तांत्रिक नियमांचा इतिहास नाही. विचार करणाऱ्या डॉक्टरांना न्याय मिळावा या हेतूने विचार मोजण्याचा घाट घातला गेला. परंतु विचार दिसत नाही, दिसते ती नोंद. त्यामुळे काही वर्षांतच मोजमाप विचाराचे न राहता लेखनाचे झाले. पुढील सुमारे तीस वर्षांतील बहुतेक सुधारणा म्हणजे ही चूक दुरुस्त करण्याचे प्रयत्न होत. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे टप्पे पाहावयाचे आहेत.

मेडिकेअर आणि फीचा प्रश्न

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअरच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि १ जुलै १९६६ पासून पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी ही योजना प्रत्यक्षात आली. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने या कायद्याला कडवा विरोध केला होता. विरोधाची धार बोथट करण्यासाठी की काय, कायद्याच्या सुरुवातीसच असे कलम घालण्यात आले की, यातील कोणत्याही तरतुदीमुळे संघराज्याच्या अधिकाऱ्यास वैद्यकीय व्यवसायावर देखरेख वा नियंत्रण करण्याचा अधिकार मिळणार नाही. फीबाबतही हेच धोरण होते. डॉक्टर नेहमी जी फी घेतात आणि त्या भागात जी फी प्रचलित आहे, तिच्या मर्यादेत सरकार पैसे देईल, असे ठरले. ज्याची फी पूर्वीपासून जास्त, त्याला जास्त. शस्त्रक्रिया आणि यंत्राधारित तपासण्या करणाऱ्यांची फी वाढत गेली. ऐकून, तपासून, विचार करून औषध देणारा फिजिशियन मागे पडला.

याच सुमारास, १९६६ मध्ये, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ‘करंट प्रोसिजरल टर्मिनॉलॉजी’ किंवा सीपीटी या नावाने वैद्यकीय सेवांची संकेतांक-सूची प्रसिद्ध केली. पहिल्या आवृत्तीत चार अंकी संकेतांक होते आणि भर शस्त्रक्रियांवर होता. १९७० च्या दुसऱ्या आवृत्तीत पाच अंकी संकेतांक आले. १९८३ मध्ये मेडिकेअरने ही सूची स्वीकारली. एका खाजगी व्यावसायिक संघटनेची मालकी असलेली सूची सार्वजनिक निधीच्या वाटपाची भाषा बनली, ही गोष्ट पुढील सर्व इतिहासात लक्षात ठेवावयास हवी. त्याच वर्षी इस्पितळातील दाखल रुग्णांसाठी निदानगटांवर आधारित ठोक रक्कम देण्याची पद्धत सुरू झाली. तो वेगळा विषय आहे. येथे फक्त डॉक्टरांच्या फीचा विचार केला आहे.

सीपीटीत डॉक्टरांच्या भेटींनाही संकेतांक होते. भेट अत्यल्प, संक्षिप्त, मर्यादित, मध्यम, विस्तृत की सर्वंकष, एवढेच ते सांगत. ‘मर्यादित’ कोठे संपते आणि ‘मध्यम’ कोठे सुरू होते हे मात्र कोणासही नेमके सांगता येत नव्हते. एकच भेट एका डॉक्टरच्या लेखी संक्षिप्त ठरे, तर शेजारच्या डॉक्टरच्या लेखी मध्यम.

याच काळात नोंदीकडे पाहण्याची दृष्टीही बदलत होती. डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये समस्याकेंद्री नोंदपद्धतीची मांडणी केली. रुग्णाच्या समस्यांची यादी करावी आणि प्रत्येक समस्येखाली रुग्णाचे म्हणणे, तपासणीत आढळलेल्या बाबी, डॉक्टरांचा निष्कर्ष आणि पुढील योजना लिहावी, अशी ही पद्धत होती. डॉक्टरांचा तर्क कागदावर उघड व्हावा, त्यावरून सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना शिकता यावे, हा वीड यांचा हेतू होता. पैशाचा तेथे संबंध नव्हता. पुढे देयकाच्या हिशोबाने हाच साचा आपल्या कामासाठी उचलला.

विचाराला अंक

१९८० च्या दशकाच्या मध्यास मेडिकेअरचा खर्च झपाट्याने वाढत असताना अमेरिकी काँग्रेसने डॉक्टरांच्या कामाचे सापेक्ष मूल्य ठरविण्याचा अभ्यास करण्याचा आदेश दिला. हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातील विल्यम शाओ यांच्याकडे हे काम आले. शाओ हे डॉक्टर नव्हते. त्यांचा पिंड विमागणितज्ञाचा होता आणि सामाजिक सुरक्षा प्रशासनात त्यांनी काम केले होते. डॉ. पीटर ब्राउन आणि इतर सहकाऱ्यांसमवेत त्यांनी जी पद्धत वापरली ती मानसशास्त्रातून आलेली होती. प्रकाशाची तीव्रता किंवा आवाजाचा मोठेपणा माणसाला किती जाणवतो हे मोजण्यासाठी एस. एस. स्टीव्हन्स यांनी जे तंत्र विकसित केले होते, तेच येथे डॉक्टरांच्या श्रमाला लावण्यात आले. एका ठरावीक सेवेला शंभर गुण द्यावयाचे आणि मग डॉक्टरांना विचारावयाचे : अमुक रुग्णाची अमुक सेवा त्या तुलनेत किती? दुप्पट काम असेल तर दोनशे, निम्मे असेल तर पन्नास.

कामाचे चार पैलू मानले गेले : लागणारा वेळ, मानसिक श्रम व निर्णयबुद्धी, तांत्रिक कौशल्य व शारीरिक श्रम, आणि रुग्णाला होऊ शकणाऱ्या अपायाच्या भीतीमुळे डॉक्टरांवर येणारा ताण. यांतील दुसरा आणि चौथा पैलू ऐतिहासिक दृष्ट्या विशेष महत्त्वाचे आहेत. फीच्या हिशोबात ‘निर्णय’ हा घटक पहिल्यांदाच स्पष्ट शब्दांत आला तो येथे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दाखविले की, काम आणि मोबदला यांचे गुणोत्तर पाहता तपासणी-सल्ल्याच्या भेटींना शस्त्रक्रिया व इतर प्रक्रियांच्या मानाने फारच कमी मिळत होते. फिजिशियन आनंदले, सर्जन नाराज झाले.

१९८९ च्या अर्थसंकल्पीय कायद्याने या संशोधनावर आधारित फी-तक्ता मान्य केला आणि १ जानेवारी १९९२ पासून तो लागू झाला. परंतु सापेक्ष मूल्य लावावयाचे तर ज्या सेवेला ते लावावयाचे तिची व्याख्या पक्की हवी. ‘संक्षिप्त’ आणि ‘मध्यम’ अशा सैल शब्दांवर अब्जावधी डॉलरांचा तक्ता उभा राहू शकत नव्हता. म्हणून सीपीटीच्या १९९२ च्या आवृत्तीत भेटींचे जुने संकेतांक रद्द होऊन ‘इव्हॅल्युएशन अँड मॅनेजमेंट’ म्हणजे मूल्यमापन व उपचारनियोजन या नावाचा नवा विभाग आला. नव्या रुग्णासाठी ९९२०१ ते ९९२०५ आणि जुन्या रुग्णासाठी ९९२११ ते ९९२१५ हे दवाखान्यातील भेटींचे संकेतांक तेव्हापासूनचे.

पातळी ठरविण्यासाठी तीन मुख्य घटक सांगण्यात आले : रुग्णाचा पूर्वेतिहास, शारीरिक तपासणी आणि वैद्यकीय निर्णयप्रक्रिया. निर्णयप्रक्रियेचे सरळसाधी, अल्प, मध्यम आणि उच्च गुंतागुंतीची असे चार स्तर मानले गेले. तिला पुन्हा तीन अंगे होती : निदानांची वा उपचार-पर्यायांची संख्या, तपासाव्या लागलेल्या माहितीचे प्रमाण व गुंतागुंत, आणि रुग्णाला असलेली जोखीम. या तीनपैकी दोन अंगे ज्या स्तराला पोचतात तो स्तर धरावयाचा. वेळेला दुय्यम स्थान होते. निम्म्याहून अधिक वेळ समुपदेशनात वा उपचारांच्या समन्वयात गेला असेल तरच वेळेवरून पातळी ठरविता येई.

येथे एक विसंगती प्रारंभापासूनच होती. जुन्या रुग्णाच्या भेटीत तीन मुख्य घटकांपैकी कोणतेही दोन पुरेसे होते. म्हणजे पूर्वेतिहास आणि शारीरिक तपासणी भरगच्च लिहिली, तर निर्णय किरकोळ असूनही वरची पातळी शब्दशः नियमात बसत होती. विचाराचे मोल वाढविण्यासाठी आखलेल्या पद्धतीत विचाराला वगळून जाणारी पळवाट होती. वैद्यकीय गरज नसता कितीही लिहिले तरी वरची पातळी देय नाही, असे मेडिकेअर नंतर बजावीत राहिले. पण तपासणाऱ्याला गरज कशावरून कळणार? पुन्हा नोंदीवरूनच.

गुणांची बेरीज

‘मध्यम गुंतागुंत’ म्हणजे काय, हे सीपीटीने शब्दांत सांगितले होते; देयक तपासणाऱ्यांना ते अंकांत हवे होते. मेडिकेअरचे प्रशासन पाहणाऱ्या हेल्थ केअर फायनान्सिंग ॲडमिनिस्ट्रेशनने अमेरिकन मेडिकल असोसिएशनसमवेत १९९५ ची नोंदविषयक मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्यांत जोखमीचा एक तक्ता होता. डाव्या बाजूस स्तर. पुढे आजाराचे स्वरूप, करावयाच्या चाचण्या आणि निवडलेले उपचार यांची उदाहरणे. लिहून दिलेले औषध आले की जोखीम मध्यम. विषारी परिणामांवर सतत लक्ष ठेवावे लागणारे औषध आले की उच्च. जोखमीचा हा तक्ता अपुरा असला तरी वैद्यकीय अनुभवाशी नाते राखणारा होता.

१९९७ च्या तत्त्वांनी मात्र शारीरिक तपासणीचे बारीक-बारीक मुद्दे पाडले. बहुसंस्थानीय सर्वंकष तपासणीसाठी किमान नऊ संस्था वा अवयवभाग आणि प्रत्येकातील किमान दोन मुद्दे नोंदलेले असावेत, असा दंडक आला. पूर्वेतिहासातही किमान दहा संस्थांविषयी विचारणा केल्याची नोंद हवी होती. पाय मुरगळलेल्या रुग्णाच्या कागदावर कानांची आणि मानेतील गाठींची नोंद दिसू लागली ती यामुळे. डॉक्टरांनी या पद्धतीची ‘दाणे मोजणे’ म्हणून संभावना केली. विरोध इतका वाढला की १९९८ मध्ये प्रशासनाला माघार घेऊन १९९५ किंवा १९९७ यांपैकी कोणतीही तत्त्वे वापरण्याची मुभा द्यावी लागली. ही ‘तात्पुरती’ मुभा दवाखान्यातील भेटींपुरती २०२० अखेरपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, टिकली.

निर्णयप्रक्रियेच्या पहिल्या दोन अंगांसाठी तर अधिकृत तत्त्वांत गुणच नव्हते. ती पोकळी भरून काढली विस्कॉन्सिन राज्यातील मार्शफिल्ड क्लिनिकशी निगडित असलेल्या एका गुणपत्रकाने. आपोआप बरा होणारा किरकोळ आजार एक गुण, जुना व स्थिर आजार एक, जुना पण बळावलेला दोन, नवा आजार तीन, नवा आणि पुढील तपासण्या लागणारा चार. चाचण्यांनाही असेच गुण. बेरीज एक तर अत्यल्प, दोन तर मर्यादित, तीन तर बहुविध, चार वा अधिक तर व्यापक. राष्ट्रीय तत्त्वांचा भाग कधीही न झालेले हे गुणपत्रक देशभरातील तपासनीस, कोडर आणि प्रशिक्षण-वर्ग यांनी जवळजवळ कायद्यासारखे वापरले. अधिकृत नियम गप्प असला की जे पत्रक हाताशी असते तेच नियम बनते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या बेरजेचा प्रत्यक्ष परिणाम एका कल्पित रुग्णावरून स्पष्ट होईल. समजा, साठ वर्षांची एक मधुमेही स्त्री फेरतपासणीस आली आहे. साखर वाढली आहे. डॉक्टर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एक चाचणी पाहतात, आहाराविषयी विचारतात, औषधाचा डोस वाढवितात. जुन्या गुणपत्रकानुसार बळावलेल्या जुन्या आजाराचे दोन गुण, म्हणजे पहिले अंग ‘अल्प’ स्तराचे. एका चाचणीचा एक गुण, दुसरे अंग सर्वांत खालचे. औषधात बदल असल्याने जोखीम ‘मध्यम’. तीनपैकी दोन अंगांनी गाठलेला स्तर ‘अल्प’. आता याच नोंदीत ‘रक्तदाब स्थिर, तीच औषधे चालू’ अशी एक ओळ वाढविली की आणखी एक गुण मिळतो, बेरीज तीन होते आणि निर्णयप्रक्रिया ‘मध्यम’ ठरते. रक्तदाबाचा विचार डॉक्टरांनी पहिल्या वेळीही केलाच असेल. कोणताही जाणता डॉक्टर करतो. फरक पडला तो एका ओळीने.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. सरकारी पैसा खोट्या देयकांतून जाऊ नये ही जबाबदारी खरी होती. यादवी युद्धाच्या काळातील, १८६३ चा खोट्या दाव्यांविरुद्धचा कायदा १९९० च्या दशकात वैद्यकीय देयकांना कसून लावण्यात आला. त्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाईची तरतूद आहे. शिकाऊ डॉक्टरांनी तपासलेल्या रुग्णांची देयके वरिष्ठांच्या नावे पुरेशा नोंदीविना लावल्याच्या आरोपावरून एका नामांकित विद्यापीठाच्या वैद्यकीय पथकाने १९९५ मध्ये सुमारे तीन कोटी डॉलर भरून तडजोड केली. या प्रकरणानंतर ‘लिहिलेले नाही, ते केलेलेच नाही’ हे सूत्र इस्पितळांच्या प्रशिक्षणवर्गांत घोकले जाऊ लागले. भय आणि लाभ दोन्ही एकाच दिशेने ढकलू लागले : अधिक लिहा.

संगणकाचे आगमन

हाताने लिहिताना अधिक लिहिण्याला मनगटाची मर्यादा होती. २००९ च्या कायद्याने संगणकीय नोंदप्रणाली स्वीकारणाऱ्या डॉक्टरांना आर्थिक प्रोत्साहन दिले आणि ती मर्यादा नाहीशी झाली. एका कळीसरशी दहा संस्थांचा ‘सर्व सामान्य’ असा मजकूर उमटू लागला. मागील भेटीची नोंद जशीच्या तशी पुढील भेटीत चिकटविली जाऊ लागली. २०१२ मध्ये आरोग्य विभागाच्या महानिरीक्षक कार्यालयाने दाखवून दिले की, २००१ ते २०१० या काळात सर्व प्रकारच्या भेटींमध्ये वरच्या पातळ्यांच्या देयकांचे प्रमाण वाढले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस आणि ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी इस्पितळांच्या संघटनांना पत्र लिहून नोंदींच्या नक्कल-चिकटवणीबद्दल इशारा दिला. २०१४ च्या अहवालात याच कार्यालयाने २०१० मधील देयकांचा नमुना तपासून सांगितले की, ४२ टक्के देयकांत पातळी चुकीची होती आणि १९ टक्के देयकांना पुरेशा नोंदीचा आधार नव्हता. अयोग्य रीतीने दिली गेलेली रक्कम सुमारे ६.७ अब्ज डॉलर होती.

या आकड्यांतून सरसकट लबाडीचा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. चुकीच्या पातळ्यांमध्ये वाजवीपेक्षा खालच्याही होत्या. ज्या मोजपट्टीवर एवढ्या मोठ्या प्रमाणात दोन्हीकडे चुका होतात, त्या मोजपट्टीतच दोष असण्याची शक्यता अधिक. इकडे डॉक्टरांच्या वेळेचे काय झाले होते? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्टीन सिन्स्की व सहकाऱ्यांच्या निरीक्षणात्मक अभ्यासात असे आढळले की, रुग्णासमवेत घालविलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास संगणकावरील नोंदी आणि टेबलावरील कामात जात होते.

सुधारणा : २०१८ ते २०२३

जुलै २०१८ मध्ये मेडिकेअरच्या प्रशासनाने (२००१ पासून त्याचे नाव ‘सेंटर्स फॉर मेडिकेअर अँड मेडिकेड सर्व्हिसेस’ असे आहे) टोकाचा प्रस्ताव मांडला. पातळ्यांवरून एवढा वाद आहे, तर दुसरी ते पाचवी अशा चारही पातळ्यांना एकच फी द्यावी. जुन्या रुग्णाच्या भेटीस सुमारे ९३ डॉलर. नोंदीचे ओझे खरोखरच उतरले असते. तथापि गुंतागुंतीचे रुग्ण पाहणाऱ्या शाखांनी, विशेषतः कर्करोग, संधिवात आणि वार्धक्यातील विकार पाहणाऱ्यांनी, तीव्र आक्षेप घेतला. अवघड रुग्णाला वेळ देणाऱ्याचे नुकसान आणि सोपे रुग्ण भराभर पाहणाऱ्याचा फायदा, म्हणजे शाओ यांनी ज्यासाठी एवढा खटाटोप केला तोच अन्याय मागील दाराने परत येणार होता.

या पेचातून अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या कार्यगटाने पर्यायी मांडणी केली. प्रशासनाने ती नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वीकारली आणि १ जानेवारी २०२१ पासून दवाखान्यातील भेटींना ती लागू झाली. पूर्वेतिहास आणि शारीरिक तपासणी वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक तेवढी करावी आणि नोंदवावी, पण पातळी ठरविण्यात त्यांना स्थान नाही. पातळी ठरेल ती एक तर निर्णयप्रक्रियेवरून, नाही तर त्या दिवशी डॉक्टरांनी त्या रुग्णासाठी खर्च केलेल्या एकूण वेळेवरून. ९९२०१ हा संकेतांक रद्द झाला. १ जानेवारी २०२३ पासून हीच पद्धत इस्पितळातील दाखल रुग्ण, शुश्रूषागृहे आणि घरभेटींना लागू झाली. आपत्कालीन विभागात वेळेचा पर्याय नाही. तेथे निर्णयप्रक्रिया हाच निकष राहिला.

बदललेल्या व्याख्या बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. पूर्वी ‘निदानांची संख्या’ होती. आता ‘त्या भेटीत हाताळलेल्या समस्यांची संख्या व गुंतागुंत’ आहे. नोंदीत आजाराचे नुसते नाव असून भागत नाही, त्याविषयी काही मूल्यमापन वा उपचार झालेला हवा. ‘स्थिर’ याची व्याख्या रुग्णाच्या उपचारलक्ष्यावरून केली आहे : साखर बदललेली नाही, पण लक्ष्याच्या बाहेरच आहे, तर तो आजार स्थिर नव्हे. वरील कल्पित मधुमेही स्त्रीची भेट नव्या नियमांनी पाहिली तर तिचा एकच बळावलेला जुनाट आजार पहिल्या अंगात ‘मध्यम’ ठरतो, औषधाच्या बदलामुळे जोखीमही ‘मध्यम’, आणि रक्तदाबाची ती जादा ओळ न लिहिताही भेट मध्यम पातळीवर जाते. ज्याला पूर्वी ९९२१३ मिळत असे, त्याच कामाला आता ९९२१४ मिळतो.

जोखमीच्या अंगात दोन भर विशेष उल्लेखनीय आहेत. पहिली म्हणजे गरिबी, बेघरपणा, अन्नाची वानवा यांसारख्या सामाजिक कारणांमुळे निदान वा उपचारात अडथळा येत असेल तर तीही मध्यम जोखीम मानली जाते. दुसरी अधिक मूलगामी आहे : विचारात घेऊन, रुग्णाशी बोलून, न निवडलेला पर्यायही जोखमीच्या हिशोबात धरता येतो. रुग्णाला दाखल करून न घेण्याचा निर्णय हासुद्धा निर्णयच. औषध न देणे, शस्त्रक्रिया टाळणे, थांबून पाहणे यांत डॉक्टरांची बुद्धी आणि धैर्य कित्येकदा अधिक लागते. केलेल्या कृती मोजणाऱ्या पद्धतीत न केलेल्या कृतीला प्रथमच जागा मिळाली. अर्थात तीही लिहिली असेल तरच.

येथे शाओ यांच्या मूळ कल्पनेकडे व्यवस्था बरीचशी परतली असली तरी सर्वस्वी परतलेली नाही. त्यांनी डॉक्टरांनाच विचारले होते की हे काम किती अवघड होते. आज तो प्रश्न डॉक्टरांना विचारला जात नाही. नोंद वाचणाऱ्याने तो ठरवावयाचा असतो.

नोंद वाचणारे : पुणे आणि नवी मुंबई

हा वाचणारा पुष्कळदा भारतात असतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी डॉक्टरांनी सांगितलेल्या नोंदींचे ध्वनिमुद्रण भारतात येऊ लागले आणि रात्रभरात टंकलिखित होऊन परत जाऊ लागले. पुढच्या दशकात त्याच वाटेने कोडिंगचे काम आले. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आजारांच्या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती देयकांसाठी स्वीकारल्यावर त्याला आणखी जोर आला. चेन्नई, हैदराबाद, बंगळूरू यांच्याबरोबरीने पुणे आणि नवी मुंबई येथे जीवशास्त्र, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद व होमिओपॅथी या शाखांचे पदवीधर अमेरिकी संस्थांच्या प्रमाणपत्र-परीक्षा देऊन या कामात शिरले. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या शिक्षकांना आपले माजी विद्यार्थी या नोकरीत असल्याचे ठाऊक असेल. त्या नोकरीत नेमके काय करतात, हे मात्र क्वचितच ठाऊक असते.

ते जे करतात ते वर सांगितलेल्या सर्व इतिहासाचे रोजचे रूप होय. रुग्ण त्यांनी पाहिलेला नसतो, डॉक्टरांशी त्यांची भेट होत नाही. समोर नोंद असते आणि तिच्यावरून डॉक्टरांच्या विचाराचा स्तर ठरवावयाचा असतो. गंमत अशी की, ज्या राज्यात बसून हे मोजमाप होते तेथील सार्वजनिक योजनांत डॉक्टरांच्या विचाराला वेगळी किंमत नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. तिची रचना ठरावीक शस्त्रक्रिया व उपचारांच्या ठोक दरांवर आहे. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी शांतपणे विचार करून शस्त्रक्रिया टाळली, तर त्या निर्णयासाठी दरपत्रकात ओळ नाही.

दरम्यान नोंद लिहिणाराही बदलू लागला आहे. रुग्ण आणि डॉक्टर यांचे संभाषण ऐकून कृत्रिम बुद्धिमत्तेने नोंद तयार करणाऱ्या प्रणाली अमेरिकी दवाखान्यांत २०२३ नंतर वेगाने शिरल्या. संभाषणात जे बोलले गेले ते या प्रणाली नेटकेपणाने लिहितात. डॉक्टरांनी मनात आणून उच्चारले नाही, ते त्यांना ऐकू येत नाही. अशा ठिकाणी कोडरला डॉक्टरांकडे लेखी शंका पाठविण्याची सोय आहे. शंकेचा मजकूर कोणत्याही विशिष्ट उत्तराकडे झुकणारा नसावा आणि त्यात फीचा उल्लेख नसावा, असा या व्यवसायाचा दंडक आहे. म्हणून त्या मधुमेही स्त्रीच्या केसपेपरबाबत पुण्याहून जाणारी शंका साधारण अशी असते : रुग्णाचा मधुमेह उपचारलक्ष्याच्या आत आहे, बाहेर आहे की सांगता येत नाही, हे नोंदीवरून स्पष्ट होत नाही, कृपया आपला वैद्यकीय अभिप्राय नोंदवावा.